पूर्ण मेंदू नाही, पण ये

तू विचारलंस, "ताई, माणसाच्या मेंदूचा पूर्ण नकाशा मी निवृत्त व्हायच्या आत होईल का? होणार असेल तर बडोदा सोडून बॉस्टनला पीएच.डी.ला येते." व्हिसा, फी सगळं विद्यापीठाच्या साइटवर आहे, ते सोडते.

होणार नाही, असं मला वाटतं. 2024 साली हार्वर्ड आणि गूगलने माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा नकाशा मांडला, म्हणजे कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडली आहे ते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा, त्याचे सुमारे पाच हजार काप, 57,000 पेशी, 15 कोटी सिनॅप्स (पेशींमधले जोड), 1,400 टेराबाइट चित्रं. अख्खा मेंदू म्हणजे असे दहा लाखांहून जास्त तुकडे. शिवाय चित्रांत पेशींचे तंतू शोधताना संगणक दोन वेगळे तंतू एक समजतो, एकाचे दोन करतो. ते निस्तरायला माणसंच लागतात. मी तेच करते. त्याच वर्षी फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला, सुमारे 1,39,000 चेतापेशी, तोही असंख्य हातांनी दुरुस्त करून.

आणि नकाशा म्हणजे उत्तर नव्हे. एका सूक्ष्म कृमीच्या 302 चेतापेशींची जोडणी 1986 पासून माहीत आहे, पण कुठला जोड किती जोरकस, कुठलं रसायन कधी वाहतं, हे नुसत्या जोडणीवरून कळत नाही.

तुला मुलं नाहीत, तरी सांगते. इथल्या शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली, मी 'मराठी' लिहिलं. एवढ्यावरून लेकाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. बडोद्यात तो इंग्रजी माध्यमातच होता! कागद, पत्रं, भेटी, त्यात दीड वर्ष गेलं. आता मी मराठीत बोलले तरी तो इंग्रजीत उत्तर देतो. तो फॉर्म मला अजून सलतो.

एकटेपणा? पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

खरं म्हणजे मी आले बाबांमुळे. बडोद्यात दांडिया बाजारच्या घरात ते माझं नाव विसरायला लागले होते. तिकडे जाऊन काय बिघडलंय ते शोधते, असं त्यांना सांगून निघाले. ते गेले तेव्हा मी इथे पडद्यावर एका अनोळखी माणसाच्या मेंदूतला तंतू धरून चालले होते. तुकड्याची कड आली की तंतू तिथेच कापलेला असतो. पुढे तो कुठे गेला, ते कळायचा मार्ग नाही.

तरी ये. एखादा छोटा प्रश्न घेऊन ये. आणि निघायच्या आधी आईबाबांजवळ महिनाभर राहा.