फॉइलवर, म्हणजे बोटीला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पंखांवर, उडणाऱ्या वेगवान यॉट आल्यापासून शर्यतीतली चुरस संपली आहे का?

मला तसं अजिबात वाटत नाही. २०१३ चा सॅन फ्रान्सिस्कोतला अमेरिकाज कप, ही यॉट शर्यतींची प्रसिद्ध स्पर्धा, आठवा. फॉइलवर धावणाऱ्या कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या बोटी) होत्या, न्यूझीलंड ८-१ ने पुढे होतं, फक्त एक विजय बाकी होता. तिथून अमेरिकेच्या गतविजेत्या ओरॅकल संघाने सलग ८ शर्यती जिंकून कप ९-८ असा राखला! इतकी चुरस जुन्या संथ बोटींच्या काळातही क्वचितच दिसली.

तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच, की बोट फॉइलवरून खाली पाण्यात बसली की क्षणात शेकडो मीटर मागे पडते, मग पाठलागात दम राहत नाही. डेकवर धावपळ करत शिडं बदलणारे खलाशीही आता दिसत नाहीत, याची मला खरंच हळहळ वाटते. पण सुरुवातीच्या रेषेवरची झुंज आजही श्वास रोखायला लावते.