भावनिक शिक्षणाचं साहित्य निवडायचं कसं?

प्रश्न : १२ ते १५ वयाच्या मुलांसाठी सामाजिक-भावनिक शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार करायचा आहे. साहित्य ढीगभर मिळतंय, पण निवडावं कसं?

उत्तर : आधी कृतिपत्रिका गोळा करणं थांबवा. सामाजिक-भावनिक शिक्षणावर काम करणाऱ्या ‘कॅसल’ या अमेरिकी संस्थेने मांडलेली पाच क्षेत्रं घ्या : स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, इतरांची जाण, नातेसंबंध, जबाबदार निर्णय. पाच रकाने आखून हाताशी असलेला प्रत्येक उपक्रम त्यांत बसवा. बहुधा पहिला रकाना ओसंडेल, शेवटचा ओस पडेल. नवं साहित्य त्या ओस रकान्यासाठी शोधा.

साहित्य पारखायला २०११ साली प्रसिद्ध झालेला, शाळांमधल्या अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा कामी येतो. क्रमवार, कृतीतून शिकवणारे, राखीव वेळ असलेले आणि नेमकं कौशल्य सांगणारे कार्यक्रम त्यात सरस ठरले. ‘राग आवरणे’ हे उद्दिष्ट फार ढोबळ. ‘राग येतानाची शरीरातली दोन लक्षणं ओळखून, बोलण्याआधी थांबणे’ हे तपासता येतं.

हमखास फसतं ते वयाचं गणित. लहानांसाठीचे हसरे-रडके चेहरे या वयाला दिले की मुलं खिदळतात (आणि बरोबरच आहे त्यांचं!). त्यांना प्रसंग द्या : मैत्रिणीने संदेश वाचला, उत्तर नाही, आता काय कराल? खासगी अनुभव सांगायची सक्ती मात्र नको. ‘पास’ म्हणायची मुभा पहिल्याच तासाला जाहीर करा.