सरकारी जमीन हद्दीत आली, आता घरपट्टी कोणाची वाढणार?

प्रश्न : नमस्कार काका. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, शहराला अगदी चिकटून, मधे फक्त एक वहाळ. नगरपरिषदेने हद्दवाढीचा ठराव केलाय, त्यात आमच्या तीन वाड्या आणि सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरची, केंद्र सरकारच्या एका खात्याची जागा शहरात जाणार. तिथे ऑफिस आहे, क्वार्टर्स आहेत, गेस्ट हाऊस आहे, बाकी सगळा कातळ. ग्रामसभेत एकजण म्हणाला की त्या जागेला घरपट्टी लागतच नाही, म्हणजे तिचा खर्च आपल्याच डोक्यावर बसणार. दुसरा म्हणाला, जमीन काय खायला मागते काय. खरं काय? हरकत घ्यावी का, आणि घेतली तर लिहायचं काय?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि ग्रामसभेत हा विषय निघाला हे फार चांगलं झालं, कारण बहुतेक ठिकाणी लोक जागे होतात ते घरपट्टीचं बिल हातात पडल्यावर, तेव्हा बोलून काही होत नाही.

आधी कायद्याचं सांगतो. राज्यघटनेचं कलम २८५ असं सांगतं की केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या कुठल्याही स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही, संसदेने तसा कायदा केला तरच लावता येतो. मग ते दीपगृह असो, कस्टमची क्वार्टर्स असोत नाहीतर पोस्टाची स्वतःची इमारत. ती ग्रामपंचायतीत असली काय आणि नगरपरिषदेत आली काय, फरक पडत नाही. एक अपवाद त्याच कलमात आहे, घटना लागू व्हायच्या आधी ज्या मालमत्तेवर कर लागत होता तिथे तो, संसद दुसरं काही ठरवत नाही तोवर, चालू ठेवता येतो. आपल्याकडच्या जुन्या बंदरांच्या गावात हे एकदा तपासून बघण्यासारखं आहे.

पण कर नाही म्हणजे एक रुपयाही नाही, असं मात्र नाही, आणि इथेच सगळे फसतात. केंद्राच्या मालमत्तांनी कराऐवजी सेवाशुल्क द्यायचं हे धोरण १९५४ पासूनचं आहे. २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात हा विषय निघाला आणि त्यानंतर केंद्राने सगळ्यांना कळवलं की पालिकेच्या सगळ्या सेवा घेत असाल तर एरवी जेवढा मालमत्ता कर बसला असता त्याच्या ७५ टक्के, काही सेवा घेत असाल तर ५० टक्के, आणि काहीच घेत नसाल तरी एक तृतीयांश द्यायचा. आता हे पैसे आपोआप येत नाहीत, पालिकेने आकारणी करून मागावे लागतात आणि त्या खात्याबरोबर करार करावा लागतो, आणि मागत कोणी नाही.

मी कर विभागात होतो तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका केंद्रीय ऑफिसला आम्ही दर एप्रिलमध्ये घरपट्टीचं बिल पाठवायचो आणि मे महिन्यात ते परत यायचं, वरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'करमुक्त' आणि खाली सही-शिक्का. आम्ही ते फाईलला लावायचो आणि मागणी रजिस्टरला थकबाकी म्हणून पुढे ओढायचो, सात-आठ वर्षं असंच चाललं. मग नवीन मुख्याधिकारी मॅडम आल्या, त्यांनी ती फाईल उलटून बघितली आणि म्हणाल्या, अहो तुम्ही कर मागताय, सेवाशुल्क मागा. मथळा बदलला, सोबत आपण काय काय देतो त्याचा तक्ता जोडला, पाणी, घंटागाडी, गेटपर्यंतचा डांबरी रस्ता, रस्त्यावरचे १४ दिवे. त्यांचा एक क्लार्क संध्याकाळी येऊन दिवे मोजून गेला, ११ पेटलेले निघाले, तीन बंद होते. आम्ही ते तीन दुसऱ्या दिवशी लावून घेतले आणि मार्चअखेरीस चेक आला. मागच्या वर्षांचे पैसे मात्र शेवटपर्यंत आले नाहीत. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्याच वर्षांत आम्ही गावच्या बंद घरांना नोटिसा लावत होतो, चाकरमानी गणपतीला येऊन कुलूप उघडायचा तर दाराच्या फटीत आधी आमची नोटीस.

तुमच्या दुसऱ्या माणसाचं म्हणणंही घेऊया, जमीन काय खायला मागते. कातळाला घंटागाडी लागत नाही, दिवा लागत नाही, नुसता सडा हद्दीत आला म्हणून कोणाची घरपट्टी वाढायचं कारण नाही. खर्च होतो तो माणसं राहतात तिथे आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्याला. समजा शहरात ५००० घरं आहेत आणि घरामागे सरासरी २००० रुपये घरपट्टी येते. हद्दवाढीत ६०० घरं आली, त्यांच्याकडून १२ लाख येतील. नवीन भागाचा रस्ता, दिवे, गटार, एक घंटागाडी आणि तिच्यावरची माणसं मिळून वर्षाला ३० लाख खर्च धरू. १८ लाख कमी पडले, ते ५६०० घरांवर वाटले तर घरामागे साधारण ३२१ रुपये वाढले. आता त्या सरकारी इमारतींवर कर बसला असता तर २० लाख बसला असता असं धरा. सेवाशुल्क ७५ टक्क्यांनी वसूल केलं तर १५ लाख येतात, तूट उरते ३ लाखांची, म्हणजे घरामागे ५४ रुपये. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडे वेगळे असतील, पण ३२१ आणि ५४ मधला जो फरक आहे ना तो त्या जमिनीमुळे पडत नाही, पालिकेने बिल पाठवलं की नाही त्याच्यामुळे पडतो.

आणि त्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून मालकाच्या रकान्यात नाव कोणाचं आहे ते बघा. केंद्र सरकार स्वतः मालक असेल तर कलम २८५, पण सरकारी कंपनी किंवा महामंडळ असेल तर ते केंद्र सरकार धरलं जात नाही. १९९५ मध्ये डमडम नगरपालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने विमानतळ प्राधिकरणाच्या बाबतीत हेच सांगितलं की प्राधिकरण वेगळं, केंद्र सरकार वेगळं, या कलमाची सूट त्याला नाही. बोर्डावर अशोकस्तंभ दिसला की आपल्याकडे लोक सगळं एकच समजतात, कधीकधी पालिकेचे लोकसुद्धा.

आता हरकत. नगरपरिषदेची हद्द १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली वाढते, नुसत्या ठरावाने वाढत नाही, राज्य सरकारला आधी उद्घोषणा काढावी लागते आणि लोकांना हरकतीसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. ती राजपत्रात येते, तहसील आणि पालिकेच्या बोर्डावर लागते, आणि आपण राजपत्र वाचत नाही, म्हणून एका पोराला दर आठवड्याला बोर्ड बघून यायला सांगा. हरकत कोणाकडे द्यायची ते उद्घोषणेतच लिहिलेलं असतं, त्याच पत्त्यावर द्या आणि पोच घ्या.

हरकतीत 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका, असे गठ्ठ्याने अर्ज मी बघितलेत, सुनावणीत पाच मिनिटात निकाली निघतात. हिशोब मागा. नवीन भागातली करपात्र घरं किती, करमाफ मालमत्ता किती आणि कोणाच्या, त्या करमाफ मालमत्तांकडून सेवाशुल्क कोणत्या टक्क्याने घेणार, करार हद्दवाढीआधी होणार की नंतर, आणि पहिल्या पाच वर्षांचा रस्ते-पाणी-दिव्यांचा खर्च कुठून येणार. याला लेखी उत्तर द्यायचं म्हणजे कोणाला तरी बसून आकडे काढावे लागतात, आणि आकडे काढताना पालिकेच्याच लक्षात येतं की काय बुडतंय.

पालिकेला ती जमीन हवी का असते हेही समजून घ्या. अनुदानाच्या वाटपात लोकसंख्या आणि क्षेत्रफळ दोन्ही धरलं जातं, १५ व्या वित्त आयोगाने राज्याराज्यांमध्ये स्थानिक संस्थांचा पैसा वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं होतं. म्हणजे नुसता सडा घेऊन फार काही मिळत नाही, माणसं आली तर मिळतं. शिवाय पुढे शहर वाढायला जागा लागते, तो पालिकेचा मुद्दा रास्तच आहे, त्याला उगाच नावं ठेवू नका.

आणि तुमच्या बाजूने अजून एक. हद्दीत गेलात की ग्रामसभा संपली, ग्रामीण भागासाठीच्या घरकुल आणि रोजगार हमीच्या योजना संपल्या. तीन वाड्यांत कोणी रोजगार हमीतून आंबा-काजूची कलमं लावायचा विचार करत असेल तर त्याला हे आजच सांगा. घरपट्टीच्या हिशोबात ही गोष्ट कधीच धरली जात नाही, पण घरात तिचा हिशोब होतो.

प्रश्न : आम्ही शहरातलेच, जुन्या हद्दीतले. दोन वर्षांपूर्वी हद्द वाढली आणि यंदा घरपट्टी बरीच वाढून आली. पालिकेत विचारलं तर म्हणतात फेरआकारणी आहे. आम्ही बाहेरच्यांचा खर्च भरतोय का?
– एक गृहिणी, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, दोन्ही असू शकतं म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिचा हद्दवाढीशी संबंध नाही, मजला वाढला, पडवीला ग्रिल लावून खोली केली की मोजमाप वाढतं. तुमच्या बिलाच्या मागच्या आणि आताच्या प्रतीत चौरस मीटर बदलले की दर बदलला, एवढं आधी बघा. मोजमाप चुकलं असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत द्या, मुदत गेली की खूप धावपळ होते.

मोजमाप तेच आहे आणि दर वाढलाय, मग तुमची शंका विचारण्यासारखी आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात करमाफ मालमत्तांची यादी, त्यांना गेल्या तीन वर्षांत पाठवलेली सेवाशुल्काची बिलं आणि आलेली रक्कम एवढंच मागा, जास्त मागितलं की उत्तर लांबतं. उत्तरात 'निरंक' आलं तर तोच कागद घेऊन तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकाकडे जा आणि सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा. नवीन भागातल्या लोकांवर राग धरू नका एवढी विनंती, त्यांनाही त्याच रेटने बिल येणार आहे आणि त्यांच्याकडे अजून धड पाण्याची लाईनही गेली नसेल.

प्रश्न : आमच्या गावचं देवस्थान हद्दवाढीत शहरात आलं. देवळाला घरपट्टी लागेल का? बाजूला भक्तनिवास आणि ट्रस्टचे चार गाळे आहेत.
– ट्रस्टचे एक विश्वस्त, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : जिथे फक्त पूजाअर्चा चालते त्या देवळाला, मशिदीला, चर्चला मालमत्ता करातून सूट असते, पण सूट वापराला आहे, ट्रस्टच्या नावाला नाही. नारळ-अगरबत्तीचं दुकान असो नाहीतर मोबाईलचं, जिथे व्यवसाय चालतो तो भाग वेगळा मोजला जातो. भक्तनिवासात खोलीचे पैसे घेता का, किती घेता, त्यावर ठरेल. पाणीपट्टी आणि कचऱ्याचं शुल्क सुटेल असं धरून चालू नका, ती सेवेची किंमत आहे. मोजणीवाले येतील तेव्हा धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची प्रत, गाभारा-सभामंडप वेगळा आणि गाळे वेगळे दाखवलेला नकाशा आणि गाळ्यांचे भाडेकरार तयार ठेवा, नाहीतर ते आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून टेप लावतात आणि सगळं एकाच नोंदीत जातं, मग ती नोंद फोडून घ्यायला वर्ष निघतं.