पिशवी काढल्यानंतर डोकं दुखतंय? आधी डिस्चार्ज कार्ड उघडा

गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर डोकं वरचेवर दुखत असेल, तर गोळीआधी डिस्चार्ज कार्ड शोधा. बहुतेक घरांत ‘पिशवी काढली’ एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. अंडाशय ठेवले की काढले, हे कुणी विचारलेलंच नसतं, आणि पुढचे उपाय बरेचसे त्यावरच ठरतात. ‘टीएएच’ म्हणजे पोट उघडून आणि ‘टीएलएच’ म्हणजे दुर्बिणीतून पिशवी काढली. त्यापुढे ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयही गेले. ऑपरेशन भारतात झालं आणि तुम्ही परदेशात राहत असाल तर हे कार्ड आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट यांचे फोटो फोनमध्ये ठेवा.

पहिल्या आठवड्यातल्या दुखण्याची कारणं वेगळी. भूल पाठीच्या कण्यातून दिली असेल आणि उठून बसल्यावर थोड्याच वेळात डोकं-मान ठणकून आडवं होताच उतार पडत असेल, तर सुईच्या छिद्रातून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. हा अशक्तपणा नव्हे. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा. पाणी, पॅरासिटामॉल आणि थोडा चहा-कॉफी यांवर बरेचदा भागतं. उठणंच अशक्य झालं तर रुग्णाचंच सुमारे २० मिलिलिटर रक्त कण्यातल्या त्या जागेजवळ टोचून छिद्र बुजवतात.

दुसरं कारण अगदीच साधं आहे: चहा. दिवसाला चार-पाच कप घेणारीचा चहा ऑपरेशनच्या उपाशीपणात सुटतो आणि १२ ते २४ तासांत डोकं धरतं. रुग्णालयातला हर्बल टी इथे काही कामाचा नाही, त्यात कॅफीनच नसतं. अर्धा-एक कप नेहमीचा चहा पुरतो. मात्र लोहाची गोळी चालू असेल तर चहा आणि गोळीत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. ऑपरेशनआधी कित्येक महिने जास्त रक्तस्राव झाला असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन सुधारलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामाच असू शकतो.

डोकेदुखी महिन्यांमागून महिने चालली असेल तर अंडाशयांचा प्रश्न येतो. ते काढले असतील तर इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांत तयार होणारं हार्मोन, एकदम खाली येतं. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, आणि आधी अर्धशिशी असलेल्यांची ती उसळते. पंचेचाळिशीच्या आत अंडाशय गेले असतील तर हाडं आणि हृदयासाठीही, काही अडचण नसल्यास, रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन्स घेण्याचा सल्ला देतात. पिशवी नसल्याने बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) होता किंवा पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर हिशेब बदलतो. अर्धशिशी असेल तर गोळीऐवजी त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल मागा, त्याने रक्तातली पातळी कमी हेलकावते. पॅच बदलायच्या आदल्या दिवशीच डोकं दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर हा निर्णय तज्ज्ञांशी बोलूनच घ्यायचा.

अंडाशय ठेवले असतील तर पाळी थांबते, पण चक्र थांबत नाही. म्हणूनच ‘पिशवी गेली, आता अर्धशिशीही जाईल’ हा हिशेब चुकतो. दोन-तीन महिने तारीख, वेळ, झोप आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवा. दर महिन्याला ठरावीक दिवसांतच दुखत असेल तर ते वहीत आपोआप दिसेल.

त्या वहीत गोळ्यांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधं पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन, किंवा १० किंवा अधिक दिवस कोडीन (अफूच्या गटातलं वेदनाशामक), ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) वा मिश्र गोळ्या घेतल्या, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते. ब्रिटनमध्ये सहज मिळणारं को-कोडामॉल (पॅरासिटामॉल आणि कोडीन एकत्र) याच यादीतलं, आणि त्याने बद्धकोष्ठही होतं. टाके भरत असताना कुंथणं कुणाला हवंय? आठवड्यातून दोन दिवसांच्या वर गोळी लागतच असेल तर रोज घेण्याच्या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. गोळ्या थांबवल्यावर आधी काही दिवस दुखणं वाढतं आणि मग ओसरतं. कोडीन रोज घेत असाल तर मात्र ते एकदम तोडू नका.

भारतातून आलेल्या औषधांच्या डब्यात दुहेरी डोसचा धोका असतो. डोलो, क्रोसिन आणि अमेरिकेतलं टायलेनॉल ही तिन्ही एकच औषध आहेत: पॅरासिटामॉल. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहाच गोळ्या. वजन ५० किलोंच्या आत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि त्याच प्रकारच्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर कडक नियंत्रण आहे. तिथे नेण्याआधी परवानगीचे नियम पाहा.

डोकं क्षणार्धात असह्य दुखू लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, तापासोबत मान ताठणं, किंवा पोटरी सुजून धाप लागणं यांत फोनवर मावशीला विचारत बसू नका. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपीय संघात ११२ हा नंबर लावा, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की ऑपरेशन कोणतं आणि किती दिवसांपूर्वी झालं.