लेख दिसतो, पण उघडत नाही

वाचकांचे प्रश्न : ग्रंथालय आणि तंत्र

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. ग्रंथालयाच्या डिस्कव्हरीत, म्हणजे सगळे स्रोत एकत्र शोधण्याच्या पानावर, लेख सापडतो, शेजारी ‘फुल टेक्स्ट’ची खूणही असते आणि टिचकी मारल्यावर भलतंच पान समोर येतं. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बाकीच्यांची मुळं तिथेच आहेत.

प्रश्न : आमच्याकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणारे विद्यार्थी आहेत. लेख सापडतात, पण ‘फुल टेक्स्ट’वर गेलं की कधी नियतकालिकाचं मुख्य पान येतं, कधी ‘पेज नॉट फाउंड’. डिस्कव्हरीच्या कंपनीला कळवलं की ‘आमच्याकडे चालतंय’ असं उत्तर येतं. सुरुवात कुठून करावी?
– ग्रंथपाल, जुळे सोलापूर

उत्तर : लिंक कुठे तुटली ते आधी ठरवा, दुरुस्तीला मग हात घाला. विद्यार्थ्याला एकच टिचकी दिसते, पण आत निरोप हातोहात जातो. डिस्कव्हरीच्या इंडेक्समधल्या (शोधसूचीतल्या) नोंदीवरून ओपनयूआरएल नावाचा लांबलचक पत्ता तयार होतो. तो लिंक रिझॉल्व्हरकडे, म्हणजे हक्काच्या प्रतीची वाट काढून देणाऱ्या प्रणालीकडे, जातो. हे नियतकालिक, या वर्षाचं, तुमच्याकडे कोणाकडून येतं हे रिझॉल्व्हर नॉलेजबेसमध्ये, म्हणजे ग्रंथालयाला काय काय मिळतं त्या यादीत, बघतो आणि त्या प्रकाशकाच्या पद्धतीचा पत्ता जुळवतो. विद्यार्थी घरी असेल तर मध्ये प्रॉक्सीही (बाहेरच्या वाचकाला महाविद्यालयाच्या नावाने आत सोडणारा सर्व्हर) येते.

एवढा वळसा घ्यावा लागतो, कारण एकच लेख प्रकाशकाच्या साइटवर, एखाद्या अ‍ॅग्रिगेटरकडे (अनेक प्रकाशकांचे लेख एकत्र देणाऱ्याकडे) आणि जेस्टोर या लेखसंग्रहावरही असू शकतो. तुमच्या महाविद्यालयाला हक्काची असलेली प्रत त्यांतली एखादीच असते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन डी सोम्पेल यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस याच अडचणीवर काम केलं. त्यातून आलेली ओपनयूआरएलची पद्धत पुढे झेड३९.८८-२००४ या नावाने मानक झाली. ती आजही वापरात आहे, म्हणून ती वाचता येणं ग्रंथपालाला कामाचं आहे.

आता प्रत्यक्ष कृती. ‘फुल टेक्स्ट’वर टिचकी न मारता राइट-क्लिक करा, लिंकचा पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. जिथे जिथे ‘अँड’चं चिन्ह (&) आहे तिथे एंटर मारा. अगम्य वाटणारा पत्ता पंधरा-वीस ओळींत सुटा होतो आणि प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या (=) डावीकडे नाव, उजवीकडे किंमत म्हणजे त्यात भरलेली माहिती दिसते : आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, डेट, व्हॉल्यूम, इश्यू, एसपेज म्हणजे सुरुवातीचं पान, एटायटल म्हणजे लेखाचं नाव आणि असेल तर डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक. दुसऱ्या खिडकीत तोच लेख प्रकाशकाच्या साइटवर उघडा आणि एकेक ओळ ताडून बघा.

चुका बहुधा ठरलेल्या जागी सापडतात. जोडअंक असेल तर इंडेक्समध्ये इश्यू ‘३-४’ आणि प्रकाशकाकडे नुसता ‘३’ असतो. पुरवणी अंकाला एकीकडे ‘एस१’ म्हणतात, दुसरीकडे क्रमांकच नसतो. लेख आधी ऑनलाइन आणि पुढच्या वर्षी छापील अंकात आला असेल तर वर्ष एकाचं आणि व्हॉल्यूम दुसऱ्याचा पडतो. अलीकडे पुष्कळ नियतकालिकं पान क्रमांकाऐवजी लेख क्रमांक देतात. मग एसपेजची ओळ रिकामी राहते आणि रिझॉल्व्हर वाचकाला अंकाच्या अनुक्रमणिकेवर नाहीतर मुख्य पानावर सोडतो.

संशय आला ती किंमत नोटपॅडमध्येच दुरुस्त करा, ओळी परत जोडा आणि पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लेख उघडला तर दोष इंडेक्समधल्या नोंदीत आहे. ‘नोंदीत इश्यू ३-४ आहे, ३ हवा’ एवढं नेमकं कळवलं की कंपनीला टाळता येत नाही. ‘आमच्याकडे चालतंय’ हे उत्तर खरंही असू शकतं, कारण ते अनेकदा त्यांच्या लॉगिनने तपासतात. तिथे तुमचा नॉलेजबेस नसतो आणि तुमची प्रॉक्सीही नसते. म्हणून त्यांना नुसता लेख न पाठवता तुमचा हा सुटा केलेला पत्ता पाठवा.

सगळ्या ओळी बरोबर असूनही लेख उघडत नसेल तर डीओआय घ्या आणि डीओआय डॉट ओआरजीनंतर तिरपी रेघ देऊन तो टाका. ‘डीओआय नॉट फाउंड’ आलं तर दोन शक्यता : टायपातली चूक (शेवटचा पूर्णविराम पत्त्यात शिरणं फार वेळा घडतं) किंवा प्रकाशकाने तो अजून नोंदवलेलाच नाही. तिथून लेख उघडला पण तुमच्या लिंकवरून नाही, तर नॉलेजबेसमध्ये त्या प्रकाशकाच्या पत्त्यांची मांडणी जुनी झाली आहे. प्रकाशकाने साइट बदलली की हे हमखास होतं आणि त्याच्या सगळ्याच नियतकालिकांचं एकदम होतं. म्हणून त्याच प्रकाशकाची आणखी दोन-तीन नियतकालिकं लगेच तपासा.

मुख्य पान येणं हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. काही प्रकाशकांकडे लेखापर्यंत थेट पोचण्याची सोयच नसते आणि नॉलेजबेसला नियतकालिकाच्या पातळीवरच थांबावं लागतं. तिथे विद्यार्थ्याला ‘वर्ष आणि अंक निवडून लेख शोधा’ अशी एक ओळ दाखवणं हाच इलाज.

प्रश्न : इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे १९७०-८०च्या दशकांतले लेख नीट उघडतात. १९५०च्या दशकातल्या लेखांना ‘उपलब्ध नाही’ येतं आणि गेल्या दोन वर्षांतले कधी उघडतात, कधी नाही. नॉलेजबेसची फाइल एक्सेलमध्ये दुरुस्त करून परत चढवली, तेव्हापासून आणखीच बिघडलं.
– साहाय्यक ग्रंथपाल, बार्शी

उत्तर : या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. १९४९पासून निघणारं साप्ताहिक होतं ‘इकॉनॉमिक वीकली’. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे नाव १९६६पासूनचं. ग्रंथालयाच्या हिशेबात नाव एवढं बदललं की नियतकालिक निराळं, म्हणून १९५८चा लेख आजच्या नावाखाली शोधला तर रिझॉल्व्हर ‘नाही’ म्हणणारच. जुन्या नावाची नोंद नॉलेजबेसमध्ये स्वतंत्रपणे चालू केली आहे का ते पाहा.

ताज्या अंकांचं गणित ‘एम्बार्गो’च्या (ताजे अंक रोखून ठेवण्याच्या काळाच्या) रकान्यात असतं. नॉलेजबेसच्या फाइलच्या केबार्ट या मांडणीत तिथे ‘पी३वाय’ असेल तर शेवटची तीन वर्षं सोडून मागचं सगळं मिळतं. ‘आर३वाय’ असेल तर नेमकं उलट, फक्त अलीकडची तीन वर्षं. हे एक अक्षर चुकलं की सगळा व्यवहार उलटा होतो. शेवटच्या अंकाच्या तारखेचा रकाना रिकामा असणं म्हणजे ‘आजपर्यंत चालू’, तो भरायचा राहिला असं समजून कोणी तिथे तारीख घालू नये. जेस्टोरसारख्या ठिकाणी बहुतेक चालू नियतकालिकांचे ताजे अंक काही वर्षं मागे ठेवलेले असतात. तुमच्याकडे जेस्टोर आणि प्रकाशकाची साइट हे दोन्ही मार्ग असतील आणि रिझॉल्व्हर न विचारता पहिल्यावर पाठवत असेल, तर कधी उघडतं, कधी नाही हा खेळ चालतो. प्रकाशकाला क्रमाने वर घ्या आणि जेस्टोरचा एम्बार्गो बरोबर भरा.

आता एक्सेल. केबार्टची फाइल टॅबने रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल असते. ती थेट एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल आपल्या मनाने सुधारणा करतं. आडवी रेघ नसलेला आयएसएसएन ००१२९९७६ असेल तर पुढची दोन शून्यं जाऊन १२९९७६ उरतं. अंक ‘१-२’ची १ फेब्रुवारी होते. १९६६-०१-०१ ही तारीख उलट्या क्रमाने लिहिली जाते. देवनागरी नावांचा चिवडा होतो तो वेगळाच. फाइल उघडायची ती ‘डेटा’ मेनूतून टेक्स्ट आयात करून : एन्कोडिंग यूटीएफ-८, विभाजक टॅब आणि सगळे रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे. लिब्रेऑफिस कॅल्क हे प्रश्न उघडतानाच विचारतं, म्हणून या कामाला ते बरं. आत्ताची बिघडलेली फाइल सुधारत बसू नका, पुरवठादाराकडून ताजी घ्या.

आयएसएसएन शाबूत आहे का ते कागदावरही तपासता येतं. ००१२-९९७६ घ्या. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा : ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. तिला ११ने भागलं की बाकी ५. ११मधून ५ गेले, राहिले ६, आणि शेवटचा अंक ६च आहे. वजाबाकी १० आली तर शेवटी ‘एक्स’ असतो. बाकी शून्य असेल तर शून्य. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात (याच साप्ताहिकाचा ऑनलाइन २३४९-८८४६ आहे). दोन्ही आपापल्या रकान्यात हवेत.

प्रश्न : महाविद्यालयात सगळं उघडतं, घरून प्रॉक्सीतून गेलं की ‘होस्टनेम ऑथराइज करा’ असा इंग्रजी संदेश येतो. तोही एकाच प्रकाशकाला.
– ग्रंथालय विभाग, पंढरपूर

उत्तर : हा ईझीप्रॉक्सी या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा संदेश आहे आणि तो खरं तेच सांगतो. त्याच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये त्या प्रकाशकाचा जो परिच्छेद आहे, त्यात लिंकमधला होस्ट (साइटचं नाव) नाही. प्रकाशकाने एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर उडी घेतली असेल किंवा नवा सबडोमेन काढला असेल. पुरवठादाराने प्रसिद्ध केलेला ताजा परिच्छेद जसाच्या तसा घ्या, जुना काढून टाका (दोन्ही ठेवले तर गोंधळ वाढतो), फाइल साठवा आणि सेवा पुन्हा सुरू करा. रीस्टार्ट विसरल्यामुळे ‘बदल करूनही तेच’ अशी तक्रार पुष्कळदा होते.

पत्त्यात प्रॉक्सीचा उपसर्ग दोनदा लागलाय का तेही पाहा. नॉलेजबेसमध्ये लिंकला उपसर्ग आहे आणि रिझॉल्व्हरही लावतो, असं झालं तर एकीकडचा काढा. मुक्त नियतकालिकांवरचा उपसर्ग तर सरळ बंद करा, त्यांना लॉगिनची गरज नसते.

१ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या सामाईक वर्गणीच्या योजनेत तुमची संस्था असेल तर एक काम उरकून घ्या. नॉलेजबेसमध्ये त्या प्रकाशकांची जुनी पॅकेजेस अजून चालू असतात आणि रिझॉल्व्हर वाचकाला संपलेल्या वर्गणीच्या दारात नेऊन उभा करतो. जुनं पॅकेज बंद, नवं चालू, आणि जुन्या वर्गणीतून कायमच्या हक्काने मिळालेली वर्षं तेवढी राखून ठेवा.

प्रश्न : आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतो. इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या लिंका दिल्या होत्या, सहा महिन्यांत निम्म्या बंद पडल्या.
– सार्वजनिक वाचनालय, अक्कलकोट

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात पत्त्याच्या सुरुवातीला ‘आयए’ आणि आकडे असलेलं सर्व्हरचं नाव आहे. ती पुस्तकाची त्या दिवशीची जागा झाली. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली की लिंक मेली. ज्या पानाच्या पत्त्यात ‘डिटेल्स’ शब्द येतो, तोच पत्ता पुस्तकाच्या नोंदीतल्या ८५६ या (ऑनलाइन पत्त्याच्या) फील्डच्या ‘यू’ उपफील्डमध्ये टाका. पहिला इंडिकेटर ४, दुसरा मूळ पुस्तकच ऑनलाइन असेल तर ०, छापील प्रतीच्या नोंदीला ऑनलाइन प्रत जोडली असेल तर १. ‘वाय’ उपफील्डमध्ये ‘पुस्तक वाचा’ असं लिहिलं की वाचकाला लांबलचक पत्ता दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पत्ते उचलत असाल तर शेवटची मोकळी जागा किंवा पूर्णविराम काढून टाका. पत्त्यात देवनागरी अक्षरं असतील तर कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसह नऊ चिन्हं होतात. ते बरोबर असतं. त्याला हात लावू नका, मध्ये तोडू तर अजिबात नका.

कोहाच्या ‘क्रॉनजॉब्स’ फोल्डरमध्ये ‘चेक-यूआरएल-क्विक’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती ८५६मधले पत्ते तपासून यादी देते. महिन्यातून एकदा रात्री चालवा. यादीत ४०४ (पान सापडलं नाही) आलेले आधी बघा. ४०३ (प्रवेश नाकारला) आलेले स्वतः ब्राउझरमध्ये उघडून बघा, कारण काही साइट्स यंत्राला अडवतात आणि माणसाला सोडतात.

प्रश्न : आमच्या डीस्पेस या सॉफ्टवेअरवरच्या डिजिटल संग्रहातले प्रबंध डिस्कव्हरीत दिसतात, पण हँडलची (कायमच्या पत्त्याची) लिंक उघडत नाही. पत्त्यात १२३४५६७८९ असा आकडा आहे.
– अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगोला

उत्तर : तो आकडा डीस्पेसने जागा भरण्यापुरता दिलेला आहे. जगभरात असंख्य संग्रहांत तोच असतो, म्हणून हँडलची केंद्रीय व्यवस्था तो ओळखत नाही. (शोधगंगा या प्रबंधसंग्रहाच्या पत्त्यात १०६०३ दिसतो, तो त्यांचा नोंदवलेला उपसर्ग.) स्वतःचा उपसर्ग घ्या, लोकल कॉन्फिगमध्ये ‘हँडल प्रीफिक्स’ला भरा, उपसर्ग बदलण्याची डीस्पेसची आज्ञा चालवा, इंडेक्स नव्याने बांधा. हँडल सर्व्हरसाठी २६४१ आणि ८००० ही पोर्टं फायरवॉलमध्ये उघडी हवीत. हे झाल्यावर डिस्कव्हरीवाल्यांना पूर्ण हार्वेस्ट (सगळ्या नोंदी गोळा करणं) पुन्हा करायला सांगा, नाहीतर त्यांच्याकडे जुनेच पत्ते राहतील. संग्रह लहान असतानाच हे करून टाका. प्रबंधांच्या संदर्भयाद्यांत चुकीचा पत्ता छापला गेला की तो परत घेता येत नाही.

प्रश्न : लिंक उघडत नाही असं ग्रंथालयाला कळवलं की ‘नीट सांगा’ म्हणतात. नीट म्हणजे काय सांगायचं?
– संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : लेखाचं नाव, नियतकालिक आणि वर्ष. तुम्ही महाविद्यालयाच्या वायफायवर होतात की घरी मोबाइल डेटावर. खाजगी खिडकीत उघडून पाहिलं तर काय झालं (तिथे उघडलं तर दोष जुन्या कुकीजचा). आणि समोर आलेल्या पानावरचा मजकूर अक्षरशः जसा आहे तसा. स्क्रीनशॉट जरूर जोडा, पण मोबाइलचा ब्राउझर पत्त्याचा मागचा भाग लपवतो आणि शोधायचं असतं ते नेमकं तिथेच. म्हणून पत्त्याच्या पट्टीवर बोट दाबून धरा, पूर्ण पत्ता कॉपी करा आणि तक्रारीच्या मजकुरात चिकटवा.