हेलियमकडे वळताना

60 मीटर खोल डाइव्हला टाकीत साधी हवा चालेल का, विचारलंस. नाही रे. तिथे दाब 7 बार. हवा इतकी दाट होते की श्वास ओढतानाच दमायला होतं, अंगात कार्बन डायऑक्साइड साचतो, वर नायट्रोजनची गुंगी. 18/45 ट्रायमिक्स या तीन वायूंच्या मिश्रणावर, म्हणजे 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन, ती गुंगी हवेवर 23 मीटरला असते तेवढीच राहते. वायूची घनता मात्र लिटरला साडेपाच ग्रॅमच्या पुढेच. शिफारस 5.2 ची आहे, म्हणून मी हेलियम अजून वाढवीन.

डीप स्टॉपबद्दल, म्हणजे वर येताना बरंच खोलवरच घ्यायच्या थांब्यांबद्दल, जुनी मंडळी हट्टाने बोलतील. अमेरिकी नौदलाच्या 2011 च्या अहवालात डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून थांबत वर येण्याचा, एकूण वेळ सारखाच ठेवला होता: खोल थांब्यांच्या 198 डाइव्हमध्ये बेंड्सच्या (दाब घटल्यावर त्या वायूचे अंगात बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराच्या) 11 केसेस, उथळ थांब्यांच्या 192 मध्ये 3. चाचण्या हवेवरच्या होत्या, ट्रायमिक्सवरच्या नव्हत्या. तरी मी खोल थांबे सोडले.

आणि डाइव्ह संपवून त्याच संध्याकाळी पुण्याला निघू नकोस. विमान तर नाहीच, गाडीनेही नाही. घाट चढताना दाब घटतो आणि आपलं पुणंही समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. मी निदान एक अख्खा दिवस किनाऱ्यावरच काढतो.