बाटली न घेणाऱ्या बाळाविषयी

सातारा

प्रिय भाचीस अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र मिळाले. कायद्याने मिळणाऱ्या 26 आठवड्यांच्या रजेतले 8 आठवडे तू बाळंतपणाआधीच घेतलेस, त्यामुळे बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचे होईल तेव्हा तुला कराडच्या बँकेत रुजू व्हावे लागेल, आणि बाळ तर बाटली पाहताच मान फिरवते. तुझ्या हातात अजून पाच आठवडे आहेत. तेवढे पुरतात, फक्त सुरुवात याच आठवड्यात कर.

बाळ हट्टी आहे असे कोणी म्हणाले तरी मनावर घेऊ नकोस. अंगावर पिताना बाळ थोडा वेळ ओढते, मग पान्हा फुटतो आणि दूध त्याच्या ओढीप्रमाणे येते. बाटलीतले दूध मात्र तोंडात घेतल्याक्षणी येऊ लागते, आणि निपलचा स्पर्श, वास, ऊब यांतले काहीही त्याच्या ओळखीचे नसते. अशा वेळी त्याने तोंड मिटून घेतले तर त्यात नवल नाही.

तुझ्या घरात सुचवतात तसे ‘दिवसभर अंगावर घेऊ नकोस, भूक लागली की मुकाट्याने घेईल’ हे मात्र करू नकोस. माझ्या मुलीच्या वेळी मी हेच केले होते. रजा संपायला चार दिवस उरले होते, सकाळपासून तिला अंगावर घेतले नाही आणि दुपारी डोके धरून बाटली तोंडात घातली. त्यानंतर आठवडाभर नुसती बाटली दिसली तरी ती किंचाळत असे. ती चूक माझी होती, आणि ती मला अजून बोचते.

भूक अर्धवट असताना, म्हणजे अंगावर पिऊन तास-दीड तास झाल्यावर, बाळ झोपेतून उठून खुशीत असेल ती वेळ निवड. बाटली तू देऊ नकोस. जावईबापूंनी किंवा तुझ्या सासूबाईंनी द्यावी. तू खोलीत असलीस की तुझा वास बाळाला कळतो आणि समोर ओळखीचे असताना ते परके का घेईल? त्या वेळेला तू सरळ ‘चार भिंती’ स्मारकाच्या रस्त्याने फिरून ये. तुलाही मोकळ्या हवेची गरज आहे. बाळाला मांडीवर बरेचसे उभे धरावे, बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, सर्वांत कमी धारेचे निपल कोमट पाण्यात बुडवून ओठाला नुसते टेकवावे आणि बाळ स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. चार-पाच घोट झाले की बाटली खाली करून श्वास घेऊ द्यावा. पहिले काही दिवस 30 मिलिलीटर दूधच काढ, आणि दहा मिनिटांत घेतले नाही तर रडू येण्याआधीच बाटली बाजूला ठेवायला सांग. निपलला साखर किंवा मध कोणालाही लावू देऊ नकोस. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

दूध ताजे काढलेले असेल तर बरे. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो. ते नासलेले नसते, पण काही बाळे तेवढ्यावरून नाकारतात. फ्रिजमधले दूध 24 तासांत वापरावे आणि गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावे, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाटली आणि निपल धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून 10 मिनिटे उकळावीत.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. तू घरी नसताना तुझे दूध बाळाच्या पोटात जावे, एवढीच आपली गरज आहे, आणि त्याला बाटलीच लागते असे नाही. निपलचे सांदीकोपरे नीट स्वच्छ न झाल्याने जुलाब होतात म्हणून आपल्याकडचे अनेक बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचाच सुचवतात. बाटल्यांच्या जाहिरातीला तर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या आज्या-पणज्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, पाजत असत. दोन आठवड्यांत बाटली जमली नाही तर तो मार्ग धर आणि त्यात कमीपणा मानू नकोस. बाळाला उभे धरून बोंडल्याची चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि घोट गिळल्यावरच पुढचा द्यायचा. धार ओतायची नाही.

तू कामावर गेल्यावर बाळ दिवसा कमी आणि रात्री जास्त पिऊ लागेल. अनेक बाळे असे करतात. चोवीस तासांत सहा लंगोट ओले होत असतील तर घाबरू नकोस. त्याहून कमी झाले किंवा बाळ मलूल वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत रोज कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन छोट्या सुट्या कायद्याने मिळतात. त्या आतापासूनच लेखी मागून ठेव आणि त्या वेळेत दूध काढत जा, नाहीतर दूध कमी होत जाईल. कराडहून येताना ते बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात आण.

माझ्याकडे आईचे चांदीचे बोंडले आहे. रविवारी उकळून, पुसून घेऊन येते. जावईबापूंना त्या दिवशी दुपारी घरी थांबायला सांग, म्हणजे कसे धरायचे ते त्यांना दाखवता येईल.

तुझी,
मावशी